वीस आणले नाहीत, सात

लोथा नागांच्या भाषेत सतरा हा आकडा सांगण्याची एक जुनी रीत आहे. तिच्यात दहा आणि सात यांची बेरीज नाही, विसातून तीन उणे करणेही नाही. शब्दाला शब्द ठेवला तर ती म्हणते: वीस आणले नाहीत, सात. पहिले दहा मोजून झाले, त्यांचा उल्लेखसुद्धा नाही. दुसरे दहा पुरे झाले की वीस होतील. ते अजून झालेले नाहीत, पण त्या अपुऱ्या दहातले सात हाती आले आहेत. मोजणाऱ्याची नजर मागे उरलेल्या दहावर नसून पुढे येणाऱ्या विसावर आहे. मराठी वाचकाला ही रीत परकी वाटेल. पण तीच तऱ्हा मराठीच्या जिभेवर शतकानुशतके आहे, आणि ती ओळखली की लोथांच्या या मोजणीची कुळी शोधणे बरेच सोपे होते.

लोथांची ओळख थोडक्यात. नागालँडचा वोखा जिल्हा आणि दोयांग नदीचे खोरे हा त्यांचा मुलूख. ते स्वतःला क्योंग म्हणवतात. 2011च्या जनगणनेत लोथा भाषकांची संख्या 1 लाख 79 हजारांच्या आसपास होती. भाषा तिबेटो-बर्मी कुळातली, आओ, संगतम आणि यिमखिउंग यांच्या गटातली. अमेरिकन बाप्टिस्ट मिशनरी विटर 1885मध्ये वोख्याला आले आणि 1888मध्ये त्यांनी लिहिलेले लोथा व्याकरण कलकत्त्यात छापले गेले. ब्रिटिश अधिकारी मिल्स यांचा लोथांवरचा ग्रंथ 1922चा. भाषा रोमन लिपीत लिहिली जाते ती मिशनच्या काळापासून.

आता वादाचा मुद्दा. ही मोजणी आली कुठून? झटकन सुचणारे उत्तर म्हणजे आसामकडून. लोथा डोंगरात कापूस पिकवत आणि तो घेऊन मैदानी बाजारात उतरत. असमियात एकोणिसाला ‘ऊन’ म्हणजे ‘उणे’ यापासून बनलेला शब्द आहे, जसा मराठीत ‘एकोणीस’. मग डोंगरातल्या माणसांनी ‘विसाला कमी’ ही कल्पना बाजारातून उचलली असेल, असे म्हणता येईल. पण हा तर्क पहिल्याच परीक्षेत पडतो. एकोणीस ही वजाबाकी आहे, आणि ती फक्त एकाची. विसातून एक गेला, उरले ते एकोणीस. लोथा रीत वजाबाकी असती तर सतराच्या नावात ‘तीन’ दिसायला हवे होते. दिसते ‘सात’. उणेपणाचा भाव दोन्हीकडे ऐकू येतो म्हणून गणित एक होत नाही.

खरा जुळा भाऊ मराठीत दुसरीकडेच सापडतो. ‘अडीच’ हा शब्द संस्कृत ‘अर्धतृतीय’वरून आला, म्हणजे ‘तिसरा अर्धा’. दोन पुरे झाले आहेत, त्यांचे नाव घेतलेले नाही. तिसरा चालू आहे आणि तो अर्धा भरला आहे. ‘दीड’ तसाच, ‘दुसरा अर्धा’. आणि ‘औट’ म्हणजे साडेतीन, ‘अर्धचतुर्थ’, चौथा अर्धा. देहाला ‘औट हात’ म्हणायची वारकरी आणि योगपर वाङ्मयातली रीत आपल्याला ठाऊक आहे. इथे गणिताची मांडणी लोथांच्या सतरासारखीच आहे: पुढच्या टप्प्याचे नाव घ्यायचे आणि त्या टप्प्यात किती भरले ते सांगायचे. भाषांच्या अभ्यासात या तऱ्हेला वेगळे स्थान आहे, कारण जगात ती विरळ आढळते. मंगोलियातल्या ओरखोनच्या आठव्या शतकातील तुर्की शिलालेखांत सत्तावीस हे ‘सात तीस’ असे कोरलेले आहे, म्हणजे तिसाकडे निघालेल्या दहातले सात.

यावर आक्षेप निघतो: असमियातही अडीचचा सख्खा भाऊ बोलला जातो, मग उसनवारीचा तर्क मागच्या दाराने परत आलाच की! माझे उत्तर असे की अडीच आणि दीड हे ठरावीक, घट्ट झालेले शब्द आहेत. त्यांच्यातला ‘तिसरा’ बोलणाऱ्यालाही ऐकू येत नाही. गोठलेल्या शब्दातून कोणी नियम शिकत नाही. नागा रीत मात्र जिवंत नियम होती. लोथांच्या गटातल्या आओ भाषेतही हीच रीत आहे, आणि तिथे ती विसाला लागते तशी तिसालाही लागते. शिवाय ती अर्ध्यापाव मापांची नसून पूर्ण संख्यांची आहे. मराठी, तुर्की आणि नागा मोजणी यांच्यात रक्ताचे नाते नाही. नाते आहे ते विचाराच्या ठेवणीचे, आणि तेवढेच पुरेसे आहे: ही कल्पना माणसाला स्वतंत्रपणे सुचू शकते, तिला आयातीची गरज नाही.

दुसरा तर्क बोटांचा. हातापायांची बोटे मिळून वीस. शेवटच्या पायावर आलो की पूर्ण माणूस दिसू लागतो, म्हणून विसाचे नाव. आओ भाषेत ही रीत नेमकी सोळापासून सुरू होते, तेव्हा तर्क मोहात पाडतो. पण शेवटच्या पायाचे पहिले बोट ‘एक’ ठरायला हवे, आणि आओ म्हणते ‘मेत्सु माबेन त्रोक’: वीस, आणले नाहीत, सहा. त्यातला ‘त्रोक’ म्हणजे लोथांचा ‘तिरोक’. हिशेब दहाचाच आहे. मला वाटते मर्म त्या क्रियापदात आहे. ‘आणणे’ हे मनातल्या मनात आकडे मोजणाऱ्याचे क्रियापद नव्हे. धान्याच्या टोपल्या किंवा देण्याघेण्याच्या वस्तू समोर आणून मांडणाऱ्याचे ते आहे. दहाचा एक ढीग लागला, दुसरा निम्म्याच्या पुढे गेला, की प्रश्न उरतो तो ढीग पुरा करून आणला का, एवढाच. हा माझा अंदाज आहे, पण क्रियापदाचा इतका सरळ उलगडा दुसऱ्या कुठल्या तर्कातून होत नाही.

सगळ्यात कठीण प्रश्न शेजाऱ्यांचा. दक्षिणेकडच्या अंगामीत सतरा म्हणजे ‘मेक्वु पेमो थेनिए’: इथेही तेच, वीस, आणले नाहीत, सात. अंगामी वेगळ्या गटातली भाषा. अलेक्झांडर कूप यांनी 2012मध्ये या मोजणीचा सविस्तर अभ्यास मांडला आणि तिच्या आधारे दोन्ही गट एकाच जुन्या शाखेतून फुटले असावेत, असे सुचवले. विरोधी बाजू म्हणेल की अर्थ उचलून आपल्या शब्दांत बसवणे शेजाऱ्यांत नेहमीचेच आहे. तिच्या हाती एक चांगला पुरावाही आहे: आओत नकार क्रियापदाच्या आधी येतो, ‘मा-बेन’, अंगामीत नंतर, ‘पे-मो’. म्हणजे प्रत्येकीने ही रचना आपापल्या व्याकरणाने घडवली आहे. तरीही माझा कौल वारशाकडे झुकतो. ‘बेन’ आणि ‘पे’ दोन्ही ओठांवरच्या वर्णाने सुरू होतात, वीस या अर्थाचे ‘मेत्सु’ आणि ‘मेक्वु’ शेजारी ठेवले तर त्यांचे साम्य लपत नाही, आणि इतकी विरळ रीत इतक्या लहान प्रदेशात एकाच क्रियापदानिशी दिसणे हे एका उगमाचेच लक्षण आहे. नकाराची जागा पुढे बदलू शकते. भाषांत ती बदलत आलेली आहे.

शाळा आणि छापील पुस्तके आली तशी ही मोजणी मागे पडली आणि ‘तारो’ म्हणजे दहा, त्यावर पुढचा आकडा, अशी सरळ बेरीज रूढ झाली. मराठीतही तेच घडले आहे: ‘अर्ध्यासह तीन’ अशी बेरीज करणाऱ्या ‘साडेतीन’ने चौथा अर्धा सांगणाऱ्या ‘औट’ला व्यवहारातून हटवले, दीड आणि अडीच तेवढे तगले. लोथांकडे असे तगून राहिलेले काय आहे ते आजही नोंदवता येईल. वोख्यात भाषेचे काम करणाऱ्यांना एवढीच विनंती की वृद्धांना एक ते शंभर म्हणायला लावू नका, कारण त्याला उत्तर शाळेचेच मिळते. त्यांच्यासमोर टोपल्या ठेवा आणि मोजायला सांगा.