चवदार तळे ते दामोदर नदी : बॅरिस्टर बाबासाहेबांचा पाण्याचा लढा



दरवर्षी २० मार्चला आपण महाडच्या सत्याग्रहाची आठवण काढतो. भाषणं होतात, भीमगीतं होतात. पण चवदार तळ्याची ओंजळ पिऊन बाबासाहेबांचं पाण्याचं काम संपलं नाही. ते पुढे देशाच्या मोठमोठ्या नद्यांपर्यंत गेलं. ही हकीकत आपल्या घराघरांत फारशी सांगितली जात नाही, म्हणून हा लेख.

१९२३ साली परमपूज्य बाबासाहेबांनी मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली. त्याच साली रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक विहिरी, तळी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली तसा ठराव केला. पण ठराव दप्तरात राहिला. गुराढोरांनी पाणी प्यावं, आपल्या माणसांनी पिऊ नये, हाच रिवाज चालू.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो लोकांसह तळ्याचं पाणी प्राशन केलं. सनातन्यांनी तळ्याचं शुद्धीकरण केलं आणि डिसेंबरात कोर्टात दावा लावून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. त्याच महिन्यात परिषदेसाठी लोक पुन्हा महाडला जमले. सगळे तुरुंगात जायला तयार होते. पण बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला. परिषदेत मनुस्मृतीचं दहन झालं, आणि पाण्याचा तंटा कोर्टात लढायचं ठरलं. हा भित्रेपणा होता का? मुळीच नाही. कायदा आपल्या बाजूचा आहे हे वकिलाला ठाऊक होतं. १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टाने निकाल आपल्या बाजूने दिला. एका ओंजळीसाठी दहा वर्षं!

पुढे २० जुलै १९४२ रोजी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले. आम्हा कामगारांना त्यांचं हे पद आठ तासांच्या कामासाठी ठाऊक. पण पाटबंधारे आणि वीजही त्याच खात्याकडे होती. १९४३ साली बंगालमध्ये दामोदर नदीला भयंकर पूर आला, बांध फुटला, रेल्वे तुटली. ३ जानेवारी १९४५ रोजी बाबासाहेबांनी कलकत्त्याला बंगाल आणि बिहार सरकारांच्या प्रतिनिधींची परिषद घेतली. अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याचा नमुना समोर होता. नदी दोन प्रांतांतून वाहते, म्हणून तिचा विचारही अखंड व्हावा, हा मुद्दा. त्यातूनच १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ उभं राहिलं.

८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटकला ओरिसातल्या नद्यांचा प्रश्न आला. आधीच्या समित्यांचं म्हणणं, पुराचं पाणी लवकर समुद्राला कसं पोचेल ते बघा. बाबासाहेबांनी ते साफ उलटं केलं. माणसाचे हाल पाण्याच्या सुकाळापेक्षा दुष्काळाने जास्त होतात, म्हणून पाणी घालवायचं नाही, साठवायचं, असं त्यांनी सांगितलं. शेतीला पाणी, वीज, जलवाहतूक आणि पुराला आळा, ही सगळी कामं एकाच धरणातून. आज आपण ज्याला जलसंधारण म्हणतो, त्याचाच हा विचार. आजचा केंद्रीय जल आयोगही त्याच १९४५ सालच्या कामाचं फळ आहे.

एक गोष्ट मात्र खरी सांगितली पाहिजे. पुढे बांधलेल्या धरणांत गावं बुडाली. आदिवासी आणि गरीब माणसं उठवली गेली, त्यांना पुरता न्याय मिळाला नाही. पाण्याच्या हिशेबात त्यांचीही बाजू धरायला हवी.

आता धम्माकडे वळू. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचं कारण सांगितलंय ते रोहिणी नदीच्या पाण्याचं. शाक्य आणि कोलीय पाण्यावरून लढायला उठले. सिद्धार्थ म्हणाले, युद्ध नको. दोन माणसं आपली, दोन त्यांची, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि तंटा मिटवावा. संघाने ऐकलं नाही. आपल्या संविधानात मात्र कलम २६२ नुसार राज्यांमधले पाण्याचे तंटे कायद्याने सोडवायची सोय आहे. आणि कलम १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानाचे घाट सर्वांना खुले आहेत. महाडची ओंजळ शेवटी संविधानात पोचली.

बाबासाहेबांची शिकवण साधी आहे. पाणी कुणाला नाकारू नका, आणि पाणी वाया घालवू नका. पहिली गोष्ट आपण छातीठोकपणे सांगतो. दुसरी विसरतो. विहारातला नळ नुसता वाहताना दिसला, तर वंदनेला बसण्याआधी तो बंद करा. ज्यांच्या पूर्वजांना एका ओंजळीसाठी मार खावा लागला, त्यांनी तरी पाण्याची किंमत जाणावी.

जय भीम! नमो बुद्धाय!