इंधनाचें मोजमाप

नाशिकरोडपासून थोडें पुढें गेलें कीं एकलहरे येथील औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्या दिसूं लागतात. तेथील पहिला संच १९७० मध्यें सुरू झाला. पुढें २१० मेगावॅटचे तीन संच आले आणि आरंभींचे १४० मेगावॅटचे दोन संच कालांतरानें बंद झाले. वीज कोळशापासून होते हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु तो कोळसा घरच्या शेगडींत घालावा तसा घातला जात नाहीं. तो प्रथम पिठासारखा दळला जातो आणि वाऱ्याच्या झोतावर स्वार होऊन भट्टींत शिरतो. थंड भट्टी पेटविण्यासाठीं जें तेल वापरतात, तेंहि बारीक तुषारांच्या रूपानेंच आंत उडवावें लागतें. वारा कमी पडला तर काळा धूर निघतो. फाजील झाला तर उष्णता चिमणीवाटे वायां जाते. मोटारीच्या इंजिनासहि नेमका हाच हिशेब लागू आहे, आणि योग असा कीं त्या हिशेबांतील सर्वांत नाजूक भाग याच शहराच्या दुसऱ्या टोकास, सातपूर येथें, घडविला जातो.

रुडॉल्फ डिझेलचें इंजिन १८९७ मध्यें जर्मनींत आउग्सबुर्ग येथें यशस्वीपणें चाललें, तेव्हां त्यांत तेल फुंकण्यासाठीं दाबलेल्या हवेचें स्वतंत्र यंत्र जोडलेलें होतें. तें इतकें अवजड कीं मोटारींत बसविण्याची कल्पनाहि करवत नसे. ही अडचण रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यानें दूर केली. १९२७ मध्यें तेथून इंधनाचे पंप मोठ्या संख्येनें बाहेर पडूं लागले आणि नऊ वर्षांनीं मर्सिडीजची डिझेल मोटार रस्त्यावर आली. याच्या कितीतरी आधीं, १९०५ मध्यें, आल्फ्रेड ब्यूकी या स्विस अभियंत्यानें एक हक्कपत्र मिळविलें होतें. इंजिनांतून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूवर चक्र फिरवावें व त्याच चक्राच्या जोरावर इंजिनांत अधिक हवा कोंबावी, ही त्याची युक्ति. तिलाच आज टर्बोचार्जर म्हणतात. मोटारींतील हें चिमुकलें चक्र मिनिटाला लाखावर फेरे घेतें.

महाराष्ट्रांत डिझेल इंजिन प्रथम आलें तें शेताच्या बांधावर. साताऱ्यास कूपर यांचा कारखाना आणि पुण्यास १९४६ मध्यें स्थापन झालेली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स यांनीं विहिरीवरच्या मोटेस पर्याय दिला. त्या इंजिनांस वेगाची हौस नव्हती. वेगाचा व शक्तीचा मोह उत्पन्न झाला तो घाटांत.

कसाऱ्याचा घाट चढतांना ट्रक दमूं लागला, कीं पंपावरचा स्क्रू थोडा फिरवून तेल वाढविण्याची वहिवाट जुनीच. गाडी क्षणभर जोमानें उचलते, हें खरें. परंतु आंतील हवा तेवढीच राहिलेली असते. जादा तेल अर्धवट जळतें, मागें काळा लोट उठतो आणि आंत पिस्टन तापून तडकण्याची पाळी येते. शक्ति वाढली म्हणून ज्याचा आनंद मानावा, त्याचा बराचसा भाग मागून पायीं चालणाऱ्यांच्या छातींत जातो.

पेट्रोलच्या टर्बो गाडींत संकट याच्या उलट बाजूनें येतें. तेथें हवेचा दाब वाढविला आणि पेट्रोल तेवढें पोंचलें नाहीं, तर मिश्रण वेळेआधींच पेटतें, आंतून ठोके ऐकूं येतात आणि कांहीं क्षणांत पिस्टन वितळूं शकतो. म्हणून हौशी लोक प्रथम मोठें इंजेक्टर घेण्यास धांवतात. पण चूक पुष्कळदां टाकींतील पंपाची असते. पंपास जितक्या अधिक दाबाविरुद्ध ढकलावें लागतें, तितकें कमी पेट्रोल तो देतो. नळींत वाऱ्याहून तीन बारचा दाब अधिक ठेवावयाचा असेल आणि टर्बोनें एक बार वाढविला असेल, तर पंपानें चार बार दाबाविरुद्ध काम केलें पाहिजे. म्हणजे इंजिनास भूक अधिक लागते त्याच क्षणीं पंपाचा हात आंखडतो. याकरितां पंप, नळी, दाब राखणारा नियंत्रक आणि इंजेक्टर हीं सर्व एकमेकांस साजेशीं बदलावीं लागतात आणि त्यांस हुकूम देणाऱ्या संगणकाचें गणितहि नव्यानें मांडावें लागतें.

डिझेलच्या बाबतींत हें गणित कारखान्यानेंच कसें सोडविलें, हें नाशिककरांनीं घरच्या घरीं पाहिलें. महिंद्र कंपनीची स्कॉर्पिओ २००२ मध्यें नाशिक येथें तयार होऊं लागली. २.६ लिटरचें टर्बो इंजिन, शक्ति १०९ अश्वशक्ति, इंधनाचा पंप यांत्रिक. पुढें कांहीं वर्षांत तिला ‘कॉमन रेल’ पद्धति मिळाली. इटलींत फियाटच्या संशोधकांनीं वाढविलेली आणि बॉशनें उत्पादनास सिद्ध केलेली ही पद्धति १९९७ मध्यें आल्फा रोमिओ १५६ या मोटारींत प्रथम आली होती. तींत तेल एका जाड नळींत वातावरणाच्या सुमारें १३५० पट दाबानें सांठवून ठेवतात. नंतरच्या रचनांत हा दाब दोन हजार पटींच्याहि वर गेला. विजेची खूण मिळतांच इंजेक्टर उघडतो, एक बारीकसा शिंतोडा आधीं टाकतो आणि मुख्य मात्रा मागून देतो. त्यामुळें धडधड कमी होते. स्कॉर्पिओंत पुढें बसलेलें एमहॉक इंजिन तर अवघें २.२ लिटरचें, पण शक्ति १२० अश्वशक्ति! भांडें लहान झालें आणि अन्न वाढलें, असा हा प्रकार. वाढविली गेली ती मात्रा नव्हे, मोजण्यांतील अचूकता.

ही अचूकता सातपुरास बॉशच्या (२००८ पूर्वींच्या ‘मायको’च्या) कारखान्यांत निर्माण होते. नोझलमधील सुई व तिची नळी यांतील अंतर मिलिमीटरच्या हजाराव्या अंशांत मोजतात. केस त्यापेक्षां कितीतरी जाड. अर्थात् अशा यंत्रास मळकें तेल सोसत नाहीं. एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या डिझेलांत गंधक दशलक्ष भागांत दहा भागांहून अधिक नसतें, पण टाकींत पाण्याचा थेंब गेला तर तेवढ्यानेंहि सुईला गंज चढतो.

पंप-नोझलच्या लहान दुकानांतून जुन्या पद्धतीची परीक्षा आजहि चालते. कारागीर नोझल हातपंपास लावतो, दांडा ओढतो आणि कान देऊन ऐकतो. कर्र असा आवाज होऊन धुक्यासारखा शंकु उमटला पाहिजे. नंतर तो टोंकाकडे निरखून पाहतो. तेथें एक थेंब लोंबकळत राहिला, तर तें नोझल बाजूस काढून ठेवतो.