मध्यस्थ ट्रान्सफॉर्मर

पावसाळ्यात कोल्हापूरकरांच्या तोंडी दोन प्रश्न हमखास असतात : पंचगंगेची पातळी किती झाली, आणि राधानगरीचे दरवाजे किती उघडले? छत्रपती शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या आरंभी भोगावती नदीवर हे धरण बांधावयास घेतले. मध्यंतरी अडलेले ते काम महाराजांच्या पश्चात, १९५० च्या दशकात, पूर्णत्वास गेले. या धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे हे एक नवलच आहे. पाणी ठरलेल्या पातळीच्या थोडे वर चढले, की माणसाचा हात न लागता दरवाजा उघडतो आणि मोठा लोंढा खाली झेपावतो. कारण थोडे, कार्य मोठे!

जुन्या रेडिओतला व्हॉल्व्ह हा याच जातीचा दरवाजा होय. व्हॉल्व्ह म्हणजे तरी काय, झडपच. १९०४ साली इंग्लंडात फ्लेमिंगने विजेला एकाच दिशेने वाट देणारी काचेची नळी बनविली. दोन वर्षांनी अमेरिकेत ली डी फॉरेस्टने तिच्यात तारेची एक जाळी बसविली. या जाळीवरचा विजेचा दाब जरासा हलला, की नळीतून वाहणारा मोठा प्रवाह तसाच हलू लागतो. क्षीण आवाज मोठा करण्याची किल्ली माणसाच्या हाती आली ती अशी.

परंतु एक अडचण उरली. व्हॉल्व्हचा स्वभाव असा, की त्यात विजेचा दाब भरपूर, पण प्रवाह बेताचा. कर्ण्याची गोष्ट नेमकी उलटी. १९२५ साली राइस आणि केलॉग या दोघा अमेरिकन संशोधकांनी ज्या धर्तीचा कर्णा सिद्ध केला, त्यात कागदी शंकूला जाड तारेचे थोडेच वेढे असतात. त्यास दाब थोडा पुरतो, प्रवाह मात्र भरपूर लागतो. दोघेही गुणी, पण पत्रिका जुळेना, अशी ही स्थिती. मग मध्यस्थ हवाच. हा मध्यस्थ म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर.

त्याचे कूळ व्हॉल्व्हहून जुने आहे. १८३१ च्या ऑगस्टमध्ये फॅराडेने लोखंडी कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळली. एकीतली वीज बदलली, की दुसरीत वीज उमटते, हे त्याने पाहिले. १८८५ साली बुडापेस्ट येथे झिपर्नोव्स्की, ब्लाथी आणि डेरी या त्रिकुटाने त्यातून व्यवहारोपयोगी ट्रान्सफॉर्मर घडविला. धरणाच्या पायथ्याची वीज दूरच्या गावी न्यायची तर तिचा दाब चढवावा लागतो आणि घराशी पुन्हा उतरवावा लागतो. हे काम करणारा खांबावरचा ट्रान्सफॉर्मर खेड्यापाड्यातही ओळखीचा आहे. रेडिओच्या पेटीतला त्याचा धाकटा भाऊ मात्र सहसा कोणाच्या नजरेस पडत नाही.

२३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले आणि पुढे मर्फी, बुश, फिलिप्स ही नावे मराठी घरांत नात्यातल्या माणसांसारखी रुळली. तिकडे कॅलिफोर्नियात फुलर्टन गावी लिओ फेंडर नावाचे गृहस्थ १९३८ पासून रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवीत. स्वतःला गिटार वाजविता येत नसे. पण १९४८ साली त्यांनी शिकाऊ वादकांसाठी आठ इंची कर्ण्याचा एक लहानसा ध्वनिवर्धक बाजारात आणला. तोच पुढे ‘चँप’ म्हणून नावाजला. त्याच्या शेवटी एकच ‘सिक्स-व्ही-सिक्स’ व्हॉल्व्ह, आणि शक्ती जेमतेम चार-पाच वॉट. विद्युत गिटारचा ध्वनिवर्धक हा असा रेडिओच्याच घरातला मुलगा आहे.

अशा लहान यंत्रासाठी ट्रान्सफॉर्मर निवडायचा कसा? हिशेब घरच्या जमाखर्चापेक्षा अवघड नाही. हा व्हॉल्व्ह २५० व्होल्टवर चालविला, तर त्यास समोर सुमारे ५००० ओहमचा भार हवा असतो. कर्णा समजा ८ ओहमचा आहे. ५००० ला ८ ने भागले की ६२५ येतात आणि त्याचे वर्गमूळ २५. म्हणजे एका बाजूस दुसरीच्या पंचवीसपट वेढे हवेत. मग व्हॉल्व्हकडचे १५० व्होल्ट आणि ३० मिलिअँपिअर कर्ण्यापाशी ६ व्होल्ट आणि ७५० मिलिअँपिअर होऊन पोचतात. शक्ती तेवढीच, साडेचार वॉट. थोडी वाटेत खर्ची पडते इतकेच.

दुसरी गोष्ट पोलादी पत्र्यांची. एकच व्हॉल्व्ह असला, की त्याचा ४५ मिलिअँपिअरचा स्थिर प्रवाह ट्रान्सफॉर्मरमधून अखंड वाहतो आणि पत्र्यांचे चुंबकत्व तुडुंब भरू पाहतो. म्हणून पत्र्यांच्या जुडीत कागदाएवढी फट ठेवावी लागते. दोन व्हॉल्व्हच्या जोडीत हे प्रवाह परस्परांना छेद देतात, तेथे फट नको असते. जोडीचा महागडा ट्रान्सफॉर्मर एकट्या व्हॉल्व्हला लावला, तर खर्ज हरवतो. किंमत किंवा वजन पाहून निवड करू नये, ती याचसाठी. गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ कंपने करते; तेथपर्यंत आवाज सांभाळला की पुष्कळ झाले.

आता दिवाळीच्या साफसफाईकडे वळू. माळ्यावरचा बंद पडलेला रेडिओ खाली उतरतो आणि तांब्याच्या भावाने भंगारात जातो. त्याच्या पोटातला लहान ट्रान्सफॉर्मर घरातल्या एखाद्या मुलाच्या गिटारला आवाज देऊ शकतो. मात्र नीट पारखून घ्यावा. तो काढून त्याच्या बारीक तारेच्या बाजूस ६.३ व्होल्टची प्रत्यावर्ती वीज दिली आणि दुसरीकडे पाव व्होल्ट मिळाले, तर प्रमाण पंचवीसचे. रेडिओचा कर्णा पुष्कळदा ३ ओहमचा असे, त्यासाठी प्रमाण चाळीसचे. त्यालाच ८ ओहमचा कर्णा जोडला, तर व्हॉल्व्हला ५००० ऐवजी १२८०० ओहम दिसतात, आणि शक्ती घटते.

दोन सावधगिऱ्या मात्र विसरू नयेत. रेडिओ बंद केल्यावरही त्यातल्या कंडेन्सरमध्ये प्राणघातक वीज साठून राहते. पेटी जाणकाराकडूनच उघडवावी. आणि कर्णा जोडल्यावाचून व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक कधी वाजवू नये. भार नाहीसा झाला, की दाब भलताच उसळतो आणि ट्रान्सफॉर्मरच्या आतले आवरण जळून जाते.

धरणाच्या दरवाजाचे कौतुक सारे करतात. पण दाराबाहेर पडलेले पाणी शिवारात पोचते ते पाटाने. आवाजाच्या बाबतीत तो पाट म्हणजे हा लोखंड-तांब्याचा ठोकळा. यंदा रेडिओ भंगारात देण्यापूर्वी निदान एवढा तरी बाजूला काढून ठेवावा.