रंग कोणता द्यायचा?

मंडळी, नकाशात रंग भरायचा तर आधी रेघ पक्की हवी. अफगाणिस्तानात तीच सापडत नव्हती.

तिथले ४०७ जिल्हे (आपल्या तालुक्यांसारखे) कोणाच्या ताब्यात, हे अमेरिकेच्या नेतृत्वाखालचं लष्कर मोजत असे. नोव्हेंबर २०१५ मध्ये सरकारच्या ताब्यात किंवा प्रभावाखाली ७२ टक्के जिल्हे होते, ऑक्टोबर २०१८ मध्ये ५३.८ टक्के. तालिबानकडे ५०, आणि १३८ ‘वादग्रस्त’. पण ताबा म्हणजे काय हो? कचेरीवर झेंडा सरकारचा आणि गावात जमिनीचा तंटा सोडवायला तालिबानचा काझी, असंही असे. मग त्या जिल्ह्याला रंग कोणता द्यायचा?

२०१९ मध्ये ही मोजणीच बंद झाली. निर्णय घ्यायला तिचा फारसा उपयोग नाही, असं लष्कराचं म्हणणं. ‘लाँग वॉर जर्नल’चा नकाशा तेवढा चालू राहिला. ६ ऑगस्ट २०२१ ला झरंज पडलं, १५ ला काबूल. नऊ दिवस!

थर्मामीटर कपाटात ठेवून ताप उतरत नाही. मोजणी चालू असती तर काबूल वाचलं असतं, असं मी म्हणत नाही. पण आपलं गाव कोणाच्या हाती चाललंय, हे तिथल्या माणसांना वेळेवर कळणं हा त्यांचा हक्क होता, एवढं मात्र नक्की.