पित्याचे तर्पण

आपल्या काव्यपरंपरेत विलापाला मानाचे स्थान आहे. परंतु ते बहुधा पतिपत्नींच्या वियोगाला मिळाले. ‘रघुवंशा’त अज इंदुमतीसाठी शोक करतो, ‘कुमारसंभवा’त रती मदनासाठी. अभिमन्यूसाठी व्याकूळ झालेला अर्जुनही आपल्या परिचयाचा आहे. मृत कन्येसाठी रडणारा पिता मात्र शोधावा लागतो. कण्वाचा कंठ दाटून येतो तो शकुंतला सासरी निघाली म्हणून.

विसाव्या शतकाच्या आरंभी रवींद्रनाथांच्या घरी मृत्यू वारंवार आला. १९०२ मध्ये पत्नी मृणालिनीदेवी गेल्या, १९०३ मध्ये कन्या रेणुका आणि १९०७ मध्ये, बंगाली पंचांगानुसार नेमक्या आईच्याच मृत्युदिनी, धाकटा शमींद्रनाथ. रेणुकेला हवापालटासाठी अल्मोड्याला नेले असताना त्यांनी ‘शिशु’मधील पुष्कळ कविता लिहिल्या. त्यांत मुलांचे खेळ आहेत, आईला विचारलेले भाबडे प्रश्न आहेत. आजार जवळपास नाहीच. शोकाला त्यांनी आडवाटेने जाऊ दिले.

रवींद्रांच्या कवितेवर पुस्तक लिहिणारे आणि बंगालमधील महिषादल येथे जन्मलेले हिंदी कवी सूर्यकांत त्रिपाठी ‘निराला’ यांनी असा कोणताही आडोसा घेतला नाही. ज्या पत्नीमुळे ते हिंदीकडे वळले, त्या मनोहरादेवी १९१८ च्या इन्फ्लुएंझात गेल्या. त्याच साथीने घरातील इतर माणसेही नेली. सव्वा वर्षाची सरोज गंगाकाठी डलमऊला आजीकडे वाढली. १९३५ मध्ये, अठरा वर्षे पुरी करून, ती तेथेच मरण पावली. त्याच वर्षी निरालांनी ‘सरोज-स्मृति’ लिहिली.

या दीर्घकवितेत सांत्वन शोधणारा वाचक प्रथम गोंधळतो, कारण कवी रडण्याऐवजी हिशेब मांडू लागतो. संपादकांकडून परत आलेल्या रचना, हाती न आलेला पैसा, मुलीसाठी काहीच करू न शकलेला बाप. हे सारे तो स्वतःवरील आरोपपत्रासारखे लिहितो. पण तो स्वतःपाशी थांबत नाही. कान्यकुब्ज समाजातील हुंडा आणि कुलाभिमान यांवर त्याचा उपहास तुटून पडतो. स्वतःच्या कुंडलीतील दुसऱ्या विवाहाचे भाकीत त्याने धुडकावले होते. ती कुंडली त्याने लहानग्या सरोजलाच खेळायला दिली. तिचे लग्नही त्याने हुंडा, वरात, निमंत्रणे यांवाचून लावले आणि मंत्र स्वतः म्हटले. आई नव्हती म्हणून नववधूला द्यायची शिकवण त्याने दिली, फुलांची शेजही त्यानेच रचली. येथे त्याला शकुंतला आठवते. वधूवेषातील मुलीच्या रूपात दिवंगत पत्नीचे लावण्य त्याला दिसते आणि तो ते निःसंकोच लिहितो. मर्यादेची चौकट जपणाऱ्या समीक्षेला हा भाग अवघड वाटावा. मला तो या कवितेतील सर्वांत निर्मळ भाग वाटतो.

शेवटी तो आपल्या गतकर्मांचे फळ कन्येला अर्पण करून तिचे तर्पण करतो. शास्त्राने पुत्राकडून पित्याला दिलेले हे कर्म येथे उलटे झाले आहे. ज्याच्यापाशी द्यायला दुसरे काहीच उरले नव्हते, त्याने तेवढे दिले. पुढच्याच वर्षी, १९३६ मध्ये, त्यांनी ‘राम की शक्तिपूजा’ लिहिली. पूजेतले एक कमळ कमी पडल्यावर त्यातील राम स्वतःचा डोळा अर्पायला सिद्ध होतो. लेखनाने निराला बरे झाले असे मात्र म्हणवत नाही. उत्तरायुष्यात त्यांचे मन अनेकदा ढळले. १९६१ मध्ये प्रयागला ते वारले.

याच काळात धारवाडला द. रा. बेंद्रे अपत्यांचे मृत्यू सोसत होते. त्यांच्या एका विख्यात कन्नड कवितेत मूल हातचे जात असता पती पत्नीला विनवतो, की माझ्याकडे अशा नजरेने पाहू नकोस. निराला मृत मुलीशी बोलतात. बेंद्र्यांचा पिता समोर उभ्या असलेल्या आईशी बोलतो, आणि हे बोलणे अधिक कठीण आहे. बेंद्र्यांच्या घरची भाषा मराठी होती. पुढे त्यांनी मराठीतही लिहिले, परंतु हे दुःख मांडायला त्यांनी जवळ केली ती धारवाडच्या रस्त्यावरची कन्नड.