कार्बन पेपर आणि कायदा

नववीत आपली एक मैत्रीण सांधेतापाने सहा महिने घरीच होती. आपण कार्बन पेपर घालून तिच्यासाठी टिपणं उतरवायचो. (भूमितीच्या आकृत्या माझ्या, म्हणून चुकलेल्या.) वर्गशिक्षिका बाईंनी चाचणीही तिच्या घरी जाऊन घेतली.

हे कोणत्या कायद्यात बसत नव्हतं. १९८९ साली दिल्लीत राष्ट्रीय मुक्त विद्यालय सुरू झालं होतं. आपल्यापैकी कुणाला ते ठाऊक नव्हतं. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यातही घरी शिकण्याची सोय नव्हती. ती आली २०१२च्या दुरुस्तीने, तीही तीव्र किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांसाठी. २०१६च्या कायद्याने थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल दिव्यांगत्वात धरले. सांधेताप त्या यादीत नाही.

तिने दहावी आपल्याबरोबरच दिली. ते कार्बनचे निळे कागद तिच्याकडे अजून आहेत.