बर्गंडी वाइनचा लिलाव : भाव बाटलीचा की तळघराचा?

ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यूयॉर्कला सदबीज कंपनीच्या लिलावात ‘रोमाने-काँती’ वाइनची १९४५ सालची एक बाटली निघाली. अंदाज ३२ हजार डॉलरचा होता. बाटली गेली ५ लाख ५८ हजार डॉलरला, म्हणजे तेव्हाचे चार कोटी रुपयांहून जास्त. लिलावात एका बाटलीला मिळालेला तो तेव्हाचा विक्रमी भाव होता. एवढा भाव का आला, ते समजून घेऊ.

थोडी जमीन, अनेक वाटे

बर्गंडी हा पूर्व फ्रान्सचा भाग. लाल वाइन पिनो न्वार द्राक्षाची, पांढरी शार्दोनेची. दिजाँ शहराच्या दक्षिणेला सुमारे ५० किलोमीटरची ‘कोत दोर’ ही पट्टी सगळ्यात नावाजलेली. इथे बांध ओलांडला की वाइनचा दर्जा आणि भाव बदलतो. सगळ्यात वरचा दर्जा ‘ग्राँ क्रू’. रोमाने-काँतीचा मळा त्यातलाच, पण क्षेत्र जेमतेम १.८ हेक्टर, म्हणजे साडेचार एकर.

शिवाय वारसाहक्काने जमिनीचे तुकडे झालेले. आपल्याकडे उताऱ्यावर नावं वाढत जातात, तसंच. क्लो द वूजो हा मळा सुमारे ५० हेक्टरचा, आणि मालक ८० च्या आसपास. म्हणून लेबलवर मळ्याच्या नावाबरोबर वाइन करणाऱ्याचं नावही बघावं लागतं.

१९४५ चं काय विशेष?

फिलॉक्सेरा या मुळांवरच्या किडीने खंगलेल्या जुन्या वेली त्या हंगामानंतर उपटल्या गेल्या. शेवटच्या पिकातून फक्त ६०० बाटल्या निघाल्या. नव्या वेलींची पुढची वाइन आली थेट १९५२ ला.

पण नुसत्या दुर्मीळपणाने एवढा भाव येत नाही. ही बाटली बोन गावच्या जुन्या वाइन घराण्यातल्या रोबेर द्रुआँ यांच्या खासगी तळघरातून आली होती. ती कुठून आली, कुठे राहिली, याबद्दल शंकेला जागा नव्हती.

खोट्या मालाचा धडा

२००८ मध्ये न्यूयॉर्कच्याच एका लिलावात पोन्सो घराण्याच्या ‘क्लो सँ-दनी’च्या १९४५ ते १९७१ सालच्या बाटल्या आल्या. घराण्याचे लोराँ पोन्सो स्वतः तिथे पोचले. त्यांच्या घराण्याने ही वाइन करायला सुरुवातच १९८२ मध्ये केली होती! माल मागे घेतला गेला. तो देणारा संग्राहक रुडी कुर्निआवान २०१२ मध्ये पकडला गेला. स्वस्त वाइन मिसळून, जुनी लेबलं चिकटवून तो घरीच बाटल्या ‘तयार’ करायचा. २०१४ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली.

जाणकार काय बघतात?

- साठवण : १२-१३ अंश तापमान, अंधार, हवेत ओलावा. बाटली आडवी, म्हणजे बूच सुकत नाही.
- पातळी : बूच आणि वाइन यांत किती सेंटिमीटर अंतर आहे. पातळी फार खाली असेल तर हवा शिरल्याची शंका.
- कागद : मूळ खरेदीची पावती, मूळ लाकडी पेटी, आणि मधे माल किती हातांतून गेला याची नोंद.
- खर्च : हातोडा पडतो त्या रकमेवर कंपनीचं कमिशन वेगळं, कर आणि वाहतूक त्याहून वेगळी.

बाटली उघडून चाखता येत नाही, उघडली की लिलावच संपला. म्हणून ज्याने पहिल्या दिवसापासून पावत्या आणि नोंदी जपल्या, त्याच्याच तळघराला पुढे भाव येतो.